दुखणे कोपराचे, कारण मुठीचे

गॅसवरून दुधाचे पातेले सांडशीने उतरवताना हातातली ताकद एकदम गेल्यासारखी वाटते. कुकरचे झाकण फिरवताना, ओला टॉवेल पिळताना, कुलपात किल्ली वळवताना कोपराच्या बाहेरच्या बाजूने एक कळ निघते आणि मनगटाकडे धावते. कोपर पाहावे तर सूज नाही, लाली नाही. हात पूर्ण वाकतो, पूर्ण सरळ होतो. एक्स-रे काढला तर तोही बहुतेक वेळा स्वच्छ. मग घरचे म्हणतात, 'काही झालेलं नाही, उगाच बाऊ करू नकोस.' डॉक्टर मात्र कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाशी अंगठ्याने नेमके दाबतात आणि माणूस खुर्चीतून उठायचाच काय तो बाकी राहतो.

टेनिस एल्बोची ही नेहमीची ओळख. रॅकेट आयुष्यात कधी हातात न धरलेल्या माणसांनाच तो जास्त गाठतो. दवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांमध्ये टेनिस खेळणारे शंभरात पाच ते दहा असतात. बाकीचे सुतार, गवंडी, रंगारी, प्लंबर, खाटीक, शिंपी, आचारी, दिवसभर माउस धरणारे कारकून आणि रोज कणीक मळून पोळ्या लाटणाऱ्या बायका. बायका-पुरुषांत प्रमाण जवळपास सारखेच. या सगळ्यांचे काम वेगवेगळे दिसते, पण त्यात एक गोष्ट समान आहे: कशाला तरी घट्ट धरायचे आणि धरून ठेवून मनगट चालवायचे.

मूठ आवळली की काय होते

हे दुखणे समजायला एक छोटा प्रयोग पुरतो. उजवा हात टेबलावर पालथा ठेवावा. डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या किंचित खाली, बाहेरच्या बाजूच्या मांसल भागावर टेकवावीत आणि उजवी मूठ घट्ट आवळावी. बोटांखालचे मांस लगेच टणक होते. आश्चर्य याचे वाटायला हवे, कारण हे स्नायू मूठ मिटणारे नव्हेतच. ते मनगट वर, म्हणजे हाताच्या पाठीच्या दिशेने उचलणारे आहेत. मूठ मिटणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला असतात.

मग बाहेरचे स्नायू का ताणले जातात? बोटे मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून पुढे बोटांपर्यंत जातात. त्या ओढल्या गेल्या की बोटांबरोबर मनगटही आत दुमडू पाहते. मनगट दुमडले की मुठीत जोर राहत नाही. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून पाहिली की हे लगेच कळते. म्हणून प्रत्येक वेळी काही पकडताना बाहेरचे स्नायू मनगटाला मागून धरून ठेवतात. कप, पेन, लाटणे, हातोडी, मोटारसायकलचे हँडल, भाजीची पिशवी, काहीही असो, पकड आली की हे स्नायू कामाला लागतात. दिवसातून किती वेळा, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

या स्नायूंतले बरेचसे वरच्या टोकाला एकाच ठिकाणी जोडलेले असतात. दंडाचे हाड कोपराशी संपते तिथे बाहेरच्या बाजूला बोटाला लागणारा एक उंचवटा असतो. वैद्यकात त्याला लॅटरल एपिकॉन्डाइल म्हणतात. त्याच्या पुढच्या कडेवर चिकटलेला एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस नावाचा स्नायू टेनिस एल्बोत बहुतेक वेळा दोषी सापडतो. नाव लांबलचक, पण त्याला हाडाशी जोडणारी कंडरा अगदी लहान. शिवाय कोपर वाकताना आणि सरळ होताना ती खालच्या हाडाच्या गोलाईवर घासते. ओढ आणि घासणे असा दुहेरी मार तिच्या वाट्याला येतो. या स्नायूचे दुसरे टोक तळहातातल्या मधल्या बोटाच्या हाडाशी जोडलेले असते. तपासणीत मधल्या बोटाला मिळणारे महत्त्व त्यामुळेच.

टेनिसच्या आधीचा टेनिस एल्बो

या दुखण्याची पहिली वैद्यकीय नोंद १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरने केली आणि ती लिहिण्याच्या कामाशी जोडलेली होती. इंग्लंडमध्ये मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी लॉन टेनिसचे पेटंट घेतले ते त्यानंतरच्या वर्षी, १८७४ मध्ये. म्हणजे दुखणे आधी आले, खेळ नंतर. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली, हिरवळीवरचा हा खेळ इंग्रज मध्यमवर्गात झपाट्याने पसरला आणि पाठोपाठ डॉक्टरांकडे दुखऱ्या कोपरांची रांग लागली. १८८२ साली हेन्री मॉरिस यांनी 'द लॅन्सेट'मध्ये आणि १८८३ साली मेजर नावाच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याची नोंद केली. कारकुनाचे दुखणे मागे पडले आणि खेळाडूचे नाव कायमचे चिकटले.

खेळात याचे मूळ बहुधा एका हाताने मारलेल्या बॅकहँड फटक्यात असते. नवखा खेळाडू चेंडूला उशिरा भिडतो, त्याचे मनगट आत वाकलेले असते आणि चेंडूचा सगळा धक्का मनगट उचलणाऱ्या स्नायूंवर येतो. मुरलेला खेळाडू त्याच क्षणी मनगट किंचित मागे ठेवतो आणि जोर खांद्यातून व कमरेतून काढतो. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. रॅकेटची मूठ फार बारीक किंवा फार जाड असणे, तारा फार ताणलेल्या असणे, ओले जड चेंडू ही बाकीची कारणे. हौशी टेनिसपटूंपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी हे दुखणे होते, असे मानले जाते.

तेंडुलकरचा डावा कोपर

मराठी घराघरांत हे नाव पोहोचले ते मात्र क्रिकेटमुळे. २००४ साली सचिन तेंडुलकरचा डावा कोपर दुखू लागला. त्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये झालेली चॅम्पियन्स ट्रॉफी त्याला खेळता आली नाही. ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला तेव्हा बंगळुरू आणि चेन्नई या पहिल्या दोन कसोटींतही तो नव्हता; नागपूरच्या तिसऱ्या कसोटीत तो परतला. वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर कोपराच्या आकृत्या छापून येऊ लागल्या आणि तोवर 'हात भरून आलाय' म्हणणारे लोक 'मला सचिनचं झालंय' म्हणू लागले.

उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा कोपर का दुखावा, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. बॅटच्या दांड्यावर उजव्या फलंदाजाचा वरचा हात डावा असतो. बॅटला दिशा देणे, ती सरळ ठेवणे आणि घट्ट धरून ठेवणे हे काम मुख्यतः त्या हाताचे. चेंडू आदळतो तेव्हा मनगट ढळू न देण्याची जबाबदारीही त्याचीच. त्यात सचिनची बॅट जड, ही गोष्ट क्रिकेट पाहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. वर्षानुवर्षे जाळ्यात आणि मैदानात मारलेल्या हजारो फटक्यांचा भार त्या छोट्या कंडरेने उचलला होता.

मे २००५ मध्ये लंडनला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. नंतर कित्येक महिने तो मैदानापासून दूर होता. २५ ऑक्टोबर २००५ रोजी नागपूरला श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात तो पुन्हा उतरला आणि ९३ धावा करून गेला. त्याच डिसेंबरात दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर त्याने ३५वे कसोटी शतक ठोकून सुनील गावसकरांचा ३४ शतकांचा विक्रम मोडला. ज्याच्या दिमतीला जगातले उत्तम डॉक्टर, फिजिओ आणि पूर्ण विश्रांतीची सोय होती, त्यालाही दुखणे सुरू झाल्यापासून त्यातून बाहेर यायला वर्षाहून अधिक काळ लागला. घाईत असलेल्या सामान्य रुग्णाने हे लक्षात ठेवावे.

कोणाला होतो?

वयाचा पट्टा ठळक आहे. पस्तिशीनंतर प्रमाण वाढू लागते, पंचेचाळिशी ते पंचावन्न या वर्षांत सर्वाधिक असते आणि पुढे उतरते. विशीतल्या मुलाचा कोपर दुखत असेल तर डॉक्टर आधी दुसरी कारणे शोधतात. फिनलंडमध्ये ३० ते ६४ वयाच्या ४,७८३ लोकांची तपासणी झाली तेव्हा १.३ टक्के लोकांत टेनिस एल्बो सापडला. कोपराच्या आतल्या बाजूचे तसेच दुखणे, ज्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, ते ०.४ टक्के लोकांत होते. सर्वसाधारणपणे प्रौढांमध्ये टेनिस एल्बोचे प्रमाण १ ते ३ टक्के धरले जाते. शंभर घरांच्या सोसायटीत कोणत्याही वेळी तीन-चार कोपर तरी दुखत असतील असा याचा अर्थ.

फिनलंडच्या त्या पाहणीत जोर लावून केलेले आणि पुन्हा पुन्हा त्याच हालचालीचे काम यांच्याबरोबर धूम्रपान आणि लठ्ठपणा यांचाही संबंध दिसला. विडी-सिगारेट आणि कोपर यांचा काय संबंध, असे वाटेल. पण कंडरेला रक्तपुरवठा मुळातच बेताचा असतो आणि तंबाखू तो आणखी आखडतो. झीज भरून निघायला लागणारी रसद मग पोहोचत नाही.

रोज जास्त वापरला जाणारा हात बहुतेक वेळा दुखतो, म्हणजे उजखोऱ्याचा उजवा. सुरुवात सहसा हळूहळू होते. काहींना मात्र नेमका दिवस सांगता येतो: दिवाळीआधी पंखे पुसले, भिंती घासल्या, मुलीच्या लग्नात शंभर नारळ खवले, घर बदलताना खोकी उचलली, बऱ्याच वर्षांनी बॅडमिंटन खेळायला गेलो. काम झाल्यावर त्या दिवशी काही वाटत नाही, एक ते तीन दिवसांनी कोपर ठणकू लागतो. कामाची सवय नसणे हे कारण इथे कामाच्या जडपणाइतकेच महत्त्वाचे ठरते.

लक्षणे, जवळून

वेदनेची मुख्य जागा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर किंवा त्याच्या पुढे-खाली साधारण एक सेंटीमीटरवर असते. एका बोटाने दाखवता येईल इतकी ती नेमकी असते. तिथून कळ हाताच्या पाठीच्या बाजूने खाली, कधी मधल्या बोटापर्यंत जाते. कोपरातून वर खांद्याकडे ती सहसा जात नाही.

दुसरे लक्षण म्हणजे पकड ढिली पडणे. स्नायू खरोखर दुबळा झालेला असतोच असे नाही. कळ येणार म्हणून मेंदूच जोर आवरता घेतो. त्यामुळे भरलेला कप, जाड पुस्तक, पाण्याचा तांब्या हातातून निसटेल अशी भीती वाटत राहते. कोपर वाकवून, अंगाजवळ धरून तीच वस्तू उचलली तर त्रास कमी होतो. हात लांबवून, पालथ्या तळहाताने उचलली तर जास्त. फ्रिजच्या मागच्या कप्प्यातले भांडे काढताना बाईच्या तोंडून 'आई गं' का निघते आणि तेच भांडे ओट्यावर असताना का निघत नाही, याचे उत्तर यात आहे.

सकाळी उठल्यावर कोपर आखडलेला वाटतो आणि थोड्या हालचालीने मोकळा होतो. काहींना रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पण सांध्यात सूज, हाताला मुंग्या, बोटे बधिर होणे ही टेनिस एल्बोची लक्षणे नव्हेत. ती दिसली तर दुखण्याचे मूळ दुसरीकडे असण्याची शक्यता धरावी लागते.

डॉक्टरांची तपासणी साधी असते, यंत्राची फारशी गरज लागत नाही. रुग्णाला मूठ वळून मनगट वर उचलायला सांगतात आणि डॉक्टर ते खाली दाबतात. उंचवट्यापाशी कळ आली की कोझेनची चाचणी सकारात्मक. कोपर सरळ ठेवून मनगट खाली वाकवत हात पालथा करतात, ती मिलची चाचणी. बोटे सरळ ठेवून फक्त मधले बोट खाली दाबतात, ती मॉडस्लीची. आणखी एक घरगुती म्हणावी अशी परीक्षा आहे: हलक्या खुर्चीच्या पाठीला वरून पालथ्या हाताने पकडून, कोपर सरळ ठेवून ती उचलायला सांगतात. टेनिस एल्बोचा रुग्ण खुर्ची जमिनीवरून हलण्याआधीच सोडून देतो.

याच भागात दुखवणारी इतर कारणे वेगळी काढावी लागतात. मानेतल्या मणक्यांत दबलेली नस कोपरापर्यंत कळ पाठवते. पण मग मान वळवताना दुखणे वाढते आणि अनेकदा मुंग्याही येतात. कोपराच्या खाली तीन-चार सेंटीमीटरवर, स्नायूंच्या आत रेडियल नावाची नस दबली तर दाबल्यावर दुखणारी जागा उंचवट्यावर न राहता तेवढी खाली सरकते. सांध्याची झीज असेल तर कोपर पूर्ण सरळ होत नाही किंवा आतून कटकट वाजतो. मान, सांधा आणि नस यांचा विचार न करता केलेले निदान पुढे महागात पडते, विशेषतः उपचार करूनही महिनोन्महिने फरक नसेल तेव्हा.

आत काय बिघडलेले असते?

बराच काळ असा समज होता की कंडरेला सूज येते, म्हणजे दाह होतो. 'लॅटरल एपिकॉन्डिलायटिस' या वैद्यकीय नावातही तोच अर्थ शिरला. अमेरिकेतले शल्यविशारद रॉबर्ट निर्शल यांनी शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा वेगळेच चित्र दिसले. १९७९ साली त्यांनी पेट्रोन यांच्याबरोबर ते प्रसिद्ध केले. दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. निरोगी कंडरेत कोलॅजनचे तंतू एका दिशेने शिस्तीत मांडलेले असतात. इथे ते विस्कटलेले होते आणि त्यांच्यामध्ये वेड्यावाकड्या नव्या रक्तवाहिन्या वाढल्या होत्या. विहिरीच्या रहाटाचा दोर जिथे सतत घासतो तिथे त्याचे पीळ सुटून काथ्या बाहेर यावा, तसे काहीसे. फरक इतकाच की शरीर हा दोर पुन्हा वळायचा प्रयत्न करत असते आणि रोजच्या कामाने तो प्रयत्न अर्धवट राहतो.

हा शोध केवळ पुस्तकी नव्हता. दुखणे दाहाचे असेल तर दाह शमवणारी गोळी आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन हे उत्तर ठरते. दुखणे अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीचे असेल तर ती दुरुस्ती पूर्ण होईल अशी परिस्थिती निर्माण करावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

इंजेक्शनचा मोह

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने फरक पडतो, आणि तोही झटपट. म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे. पण नंतर काय होते, याचा हिशेब नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मांडला. १८५ रुग्णांचे तीन गट केले: एकाला इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि थांबून पाहणे. २००२ साली 'द लॅन्सेट'मध्ये निकाल आले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के बरे वाटते म्हणत होते, फिजिओथेरपीवाले ४७ टक्के आणि थांबलेले ३२ टक्के. वर्षअखेर चित्र उलटले. इंजेक्शनवाले ६९ टक्क्यांवर घसरले, फिजिओथेरपीवाले ९१ टक्क्यांवर गेले आणि काहीच खास न करणारेही ८३ टक्क्यांवर पोहोचले.

ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांवरच्या अभ्यासाने २०१३ साली हेच जास्त कडक पद्धतीने तपासले. काहींना स्टेरॉइड, काहींना नुसते खोटे इंजेक्शन. वर्षाने पूर्ण बरे झालेले किंवा पुष्कळ सुधारलेले स्टेरॉइड गटात ८३ टक्के, खोट्या इंजेक्शनच्या गटात ९६ टक्के. दुखणे उलटण्याचे प्रमाण ५४ विरुद्ध १२ टक्के. दुखणे दबते, माणूस पुन्हा पूर्वीच्याच जोमाने कामाला लागतो आणि दुरुस्त न झालेल्या कंडरेवर पुन्हा तोच भार पडतो. शिवाय स्टेरॉइडने कंडरेचे तंतू कमकुवत होण्याची भीती असते. एका इंजेक्शनने भागले नाही म्हणून दुसरे आणि तिसरे घेणारे रुग्ण या दुष्टचक्रात अडकतात.

रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाच्या, म्हणजे पीआरपीच्या इंजेक्शनचा बराच बोलबाला झाला. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, पण नंतरच्या एकत्रित आढाव्यांत त्याचा खास फायदा दिसला नाही. खर्च मात्र बराच असतो. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते आणि तीही सहसा सहा महिने ते वर्षभर नीट उपचार करूनही फरक न पडलेल्यांवर.

हाताला कामच द्यायचे, पण बेताने

मग करायचे काय? कंडरेला पूर्ण आराम दिला तर ती आणखी दुबळी होते. पूर्वीसारखेच राबवले तर झीज वाढते. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे मोजून-मापून वाढवत नेलेला व्यायाम.

सुरुवात हालचालीविना जोर लावण्याने होते. हात टेबलावर पालथा ठेवून मनगट वर उचलायचे आणि दुसऱ्या हाताने ते हलू न देता दाबून धरायचे. अर्धा-पाऊण मिनीट धरायचे, सोडायचे, असे काही वेळा पुन्हा करायचे. कळ निवू लागली की पुढची पायरी. कोपर ते मनगट टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळहात खाली. हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने पंजा वर न्यायचा, मग मदत काढून घ्यायची आणि चार-पाच आकडे मोजत बाटली सावकाश खाली सोडायची. वजन खाली सोडताना स्नायू लांब होत होत जोर लावतो. या प्रकारच्या ताणाने कंडरेतले तंतू नव्याने शिस्तीत मांडले जायला मदत होते. रबरी दांडा पिळून सावकाश सोडण्याचा व्यायामही याच तत्त्वावर चालतो.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरायचे कारण नाही. मोजमाप सोपे आहे: दहापैकी तीन-चार इतकेच दुखावे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते आदल्या दिवसाइतके खाली यावे. सकाळी जास्त ठणकत असेल तर वजन किंवा वेळा कमी कराव्यात. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. बहुतेक लोक दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि 'फिजिओथेरपीने काही झालं नाही' असे सांगतात.

कोपराला बांधायचा पट्टा काहींना कामाच्या वेळी उपयोगी पडतो, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी बांधलेला दिसतो. तो कोपरावर न बांधता कोपराच्या खाली दोन-तीन बोटांवर, मांसल भागावर बांधायचा असतो, म्हणजे ओढीचा काही भाग तिथेच अडतो. रात्री तो काढून ठेवावा.

घरातले आणि कामावरचे बदल त्याहून जास्त कामाला येतात. वजन उचलताना तळहात वर, कोपर अंगाजवळ, आणि जमेल तिथे दोन्ही हात. पिशवी पालथ्या हाताने लटकवण्यापेक्षा पाठीवर किंवा खांद्यावर. कपडे पिळण्याऐवजी नळाला अडकवून निथळू द्यावेत. कणीक थोडी सैल भिजवावी आणि सगळी एका दमात मळू नये. थोडा वेळ भिजत ठेवली की ती निम्मी आपोआप मऊ होते. घट्ट झाकणाच्या बाटलीसाठी रबरी फडके वापरावे. लाटणे, खवणी, स्क्रू ड्रायव्हर यांच्या मुठी बारीक असतील तर कापडाची पट्टी गुंडाळून जाड कराव्यात, म्हणजे कमी आवळावे लागते. सुतार-प्लंबरांनी शक्य तिथे बॅटरीवर चालणारे स्क्रू ड्रायव्हर घ्यावेत. त्याचा खर्च काही दिवस बुडालेल्या मजुरीपेक्षा कमी असतो. माउस कीबोर्डला चिकटून ठेवावा, हात लांबवून पकडू नये आणि तो धरून विचार करत बसू नये. घरच्या मंडळींनीही एक करावे: ज्या हाताने रोजच्या पंधरा-वीस पोळ्या होतात त्याला काही आठवडे सुट्टी द्यावी.

दुखणे जाण्याचा नैसर्गिक काळ सहा महिने ते दोन वर्षे इतका लांब आहे, आणि दहापैकी आठ-नऊ जण त्या काळात शस्त्रक्रियेविना बरे होतात. तरी काही वेळा वाट पाहायची नसते. पडल्यावर किंवा मार लागल्यावर कोपर दुखू लागला, सांधा सुजला, तापला किंवा अडकला, बोटे बधिर पडली, मनगट उचलताच येईना, किंवा डाव्या हाताबरोबर छातीत दुखून घाम आला, तर कोपराचा व्यायाम करत न बसता तातडीने डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी अस्थिरोगतज्ज्ञाकडून एकदा निदान पक्के करून घ्यावे, चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावा आणि निदान तीन महिने तो न चुकता करावा. कोणी दुसऱ्यांदा स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले तर होकार देण्याआधी वर्षभरानंतर काय होईल, हे त्यांना जरूर विचारावे.